मासा गुरू, मग गळ टाकणारा कोण?



आजचं वाचन : एकनाथी भागवत, अध्याय आठवा. अवधूत यदुराजाला आपल्या चोवीस गुरूंविषयी सांगतोय आणि आज त्यातला मासा येतो. गोष्ट छोटीशीच. गळाला लावलेल्या आमिषाच्या चवीपायी मासा जीव गमावतो. पण त्यापुढचं निरीक्षण भारी आहे. उपाशी राहिलं की बाकीची इंद्रियं थकतात, जीभ मात्र उलट जोर धरते. एकादशीला दुपारी चार वाजता साबुदाणा वडा आठवणाऱ्यांना हे वेगळं समजवायला नको!

हा भाग आला की मला भिगवणचा एक दिवस आठवतो. माझा मित्र तिथल्याच भोई घरातला, उजनीच्या पाण्यावर जगणाऱ्या. मी माळकरी. हिवाळ्यात फ्लेमिंगो बघायला त्याने मला गावी नेलं. पक्षी बघून झाल्यावर म्हणाला, "चल, गळ टाकू. तू नुसता बस."

मी बसलो. गळाला गांडूळ, दोऱ्याला थर्माकोलचा तुकडा. दोन-तीन तास आम्ही जवळजवळ बोललोच नाही, आणि इतक्या वर्षांच्या मैत्रीत इतकं निवांत कधी बसलोही नव्हतो. मग तुकडा बुडाला. तळहाताएवढी चिलापी वर आली आणि होडीच्या फळीवर तडफडायला लागली. मला बघवेना. ते त्याच्या लक्षात आलं. मी त्याला अवधूताची गोष्ट सांगितली. ऐकून घेतली त्याने, आणि शांतपणे विचारलं, "मासा गुरू, मग गळ टाकणारा कोण रे? माझं कॉलेज याच माशांवर झालंय."

या प्रश्नासकट अध्याय पुन्हा वाचला, तर कोळ्याला एक शब्दही दोष दिलेला नाही. उलट मधमाश्यांनी साठवलेला मध नेणारा माणूस याच अध्यायात गुरू म्हणून येतो. महाभारताच्या वनपर्वात तर मिथिलेत मांस विकणारा धर्मव्याध कौशिक ब्राह्मणाला धर्म शिकवतो. शेत नांगरतानाही किती जीव मरतात, हे तो दाखवून देतो.

पण म्हणून "सगळं सारखंच" म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. धर्मव्याध स्वतःच्या धंद्याला घोरच म्हणतो. तो स्वतः मारत नाही, मांस खात नाही. फळीवरची ती तडफड खरी होती. माळ माझ्या गळ्यात आहे ती त्याचसाठी, आणि राहील. फक्त अवधूत माशाकडे बघून जिभेचा विचार करतो तो स्वतःच्या. इन्स्टावर कुणाच्या ताटात काय आहे यावरून आपण भक्तमंडळी जे भांडतो, त्याला या अध्यायात मला तरी आधार सापडला नाही.

त्या दुपारी मित्राच्या आईने मासे चुलीवर चढवायच्या आधीच वेगळ्या पातेल्यात वांग्याची भाजी करून ठेवली होती. भाकरी वाढताना एवढंच विचारलं, "कांदा चालतो ना रे बाळा?"

माशानंतर याच अध्यायात पिंगला येते. ती उद्या वाचू.