क्रोध आणि विवेक

षड्रिपूंमध्ये काम, लोभ, मोह, मद व मत्सर हे मनुष्यास हळूहळू ग्रासतात. क्रोध मात्र क्षणात घात करतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. बीड जिल्ह्यासारख्या शेतीप्रधान भागात बांधावरून, सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून किंवा भावकीतील वाटणीवरून निघालेला शब्द कधी काठी-कुऱ्हाडीपर्यंत जातो. एक घर कर्ता पुरुष गमावते, दुसऱ्या घरातील लेकरे तुरुंगाची वाट चालतात. पुढे म्हटले जाते, ‘रागाच्या भरात घडले.’ पण तो राग खरोखरच क्षणाचा असतो काय?

श्रीमद्भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील ६२ व ६३ या श्लोकांत भगवंतांनी या अधःपाताचा क्रम सांगितला आहे. विषयांच्या चिंतनातून आसक्ती, आसक्तीतून काम, कामातून क्रोध, क्रोधातून संमोह, मग स्मृतिभ्रंश आणि अखेरीस बुद्धिनाश. ज्या उतरणीला पायऱ्या आहेत, तेथे थांबण्यासही जागा आहे.

कायद्याची दृष्टीही याहून फारशी वेगळी नाही. गंभीर व अकस्मात प्रक्षोभामुळे आत्मसंयम सुटून कोणाचा जीव घेतला गेल्यास कायदा त्यास खून न मानता सदोष मनुष्यवध मानतो. निर्दोष मात्र मानीत नाही. ही सवलतही त्या क्षणापुरतीच असते. १९५९ साली मुंबईत घडलेल्या नानावटी प्रकरणात प्रक्षोभ झाल्यानंतर आरोपी दुपारी दीडच्या सुमारास घराबाहेर पडला व चार वाजून वीस मिनिटांनी गोळीबार झाला. मधल्या सुमारे तीन तासांत मन ताब्यात आणण्यास पुरेसा अवधी होता, असे १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आणि खुनाची शिक्षा कायम केली.

राग येणे मनुष्याच्या हाती नसेल. तो जोपासणे मात्र सर्वस्वी त्याचेच कर्म आहे. अपमान पुनःपुन्हा आठवणे, शस्त्राकडे हात नेणे, चिथावणी देणाऱ्याचे ऐकणे, यांतील प्रत्येक पाऊल तो स्वतः टाकतो. तेथून निघून जाणे, वडीलधाऱ्यांपाशी मन मोकळे करणे, वाद गावाच्या बैठकीत नेणे हेही त्याच्याच हाती असते. १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेमागे गावचा तंटा गावातच सामोपचाराने मिटावा, हाच हेतू होता.

ज्यांची समाधी अंबाजोगाईस आहे, त्या आद्यकवी मुकुंदराजांच्या ग्रंथाचे नावच ‘विवेकसिंधु’ आहे. त्या सिंधूतील एक थेंब जरी ऐन क्रोधाच्या वेळी मनात उतरला, तरी दोन घरे वाचतात. दर्शनास आलेल्या भाविकांनी देवापुढे श्रीफळासोबत मनातील एखादे जुने वैरही ठेवून जावे.