परवाचं काम कोणत्या खणात?

‘परवा चुकारा मिळाला की खताची उधारी फेडणे, पोरीची फी.’ पुलगावच्या बाजारात कापूस घातलेला शेतकरी खिशातल्या वहीत एवढी एक ओळ खरडतो आणि मोकळा होतो. हीच ओळ मोबाइलमधल्या कामांच्या ॲपमध्ये टाकायला गेलं, तर ते दारातच अडवतं. हे काम आहे, भेट आहे की नुसती नोंद? तारीख कोणती? यादी कोणती? ओळीत तर येणं, देणं आणि घरची जबाबदारी एकाच दमात आलेली. आठवडाभरात ॲप पडून राहतं, वही चालू राहते.

यात माणसाचा आळस कमी आणि ॲपची घाई जास्त. कप्पा आधी विचारायचा नसतो, ही गोष्ट बाजारपेठेला फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. दुकानदाराच्या गादीवर दोन वह्या असत. दिवसभराचा व्यवहार जसा घडेल तसा रोजकीर्दीत उतरायचा, एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला नावे. तिथे क्रम फक्त तारखेचा. मग सवडीने त्याच रकमा खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढायच्या, रोजकीर्दीच्या पानाच्या उल्लेखासह. ‘काल काय घडलं’ हे एक वही सांगायची आणि ‘अमक्याकडे किती निघतात’ हे दुसरी. व्यवहार मात्र एकच. हातातली वेळ लिहिण्यासाठी आणि निवांत वेळ लावण्यासाठी, अशी ही वाटणी होती.

संगणकावर ही वाटणी कुणी केलीच नाही असं नाही. लोटस कंपनीने १९८८ मध्ये ‘अजेंडा’ नावाचा प्रोग्राम बाजारात आणला. त्यामागे कंपनीचे संस्थापक मिच केपॉर आणि त्यांचे दोन सहकारी होते. वापरणाऱ्याने साध्या भाषेत एक वाक्य लिहायचं. ‘पुढच्या मंगळवारी’ असे शब्द आले की प्रोग्राम तारीख ओळखायचा, नाव आलं की त्या माणसाच्या गटात ते वाक्य दाखवायचा. एकच नोंद पाच गटांत दिसे, पण तिची प्रत एकच. गट नंतर वाढवता, मोडता, एकाच्या पोटात दुसरा घालता येत. खतावणी आपोआप चढावी, तसा हा प्रकार. विंडोजच्या जमान्यात मात्र तो मागे पडला.

केपॉर यांनी पुढे तोच धागा पुन्हा उचलला. ‘चँडलर’ या त्यांच्या मुक्त स्रोत प्रकल्पात एकाच नोंदीवर शिक्के मारायचे होते: काम, भेट, पत्र, हवं ते. २००२ मध्ये जाहीर झालेल्या या प्रकल्पाची पहिली पूर्ण आवृत्ती २००८ मध्ये आली. ही रखडपट्टी इतकी बोलकी होती की स्कॉट रोझेनबर्ग या पत्रकाराने तिच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. जे काहीही होऊ शकतं, ते नेमकं काय आहे हे बनवणाऱ्यांनाच ठरवता येईना, असा निदान दुरून पाहणाऱ्याचा तरी समज होतो.

आणि सैलपणा सगळीकडे चालतो असंही नाही. त्याच पुलगावात लष्कराचं केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. स्फोटकं कशाशेजारी ठेवायची आणि कशापासून लांब, हे आधीच ठरलेलं असावं लागतं. ‘आधी ठेवू, मग लावू’ ही मुभा तिथे नाही. घरच्या कामांची तशी स्थिती नसते. शाळेची फी चुकून ‘शेती’च्या यादीत गेली म्हणून काही पेट घेत नाही. तरीही बरीच ॲपं कोठाराच्या शिस्तीने बांधलेली असतात, हे नवलच.

मराठी माणसासाठी असं ॲप करायचं तर आणखी एक मजा आहे. ‘परवा’ म्हणजे येणारा परवा की गेलेला? क्रियापद पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि ‘फेडणे’सारख्या रूपात काळच नसतो. ‘आठ दिवसांनी या’ म्हणजे खरं तर सातव्या दिवशी, त्याच वारी. ‘पोळा झाल्यावर देतो’ हा वायदा तर श्रावण अमावास्येवर टांगलेला, इंग्रजी तारीख दरवर्षी वेगळी. अशा वेळी ॲपने अंदाज बांधावा, तो दाखवावा, आणि मूळ शब्द मात्र पुसू नयेत. तारीख चुकली तरी ‘पोळा’ हा शब्द शिल्लक असेल, तर माणूस आपलं आपण सावरून घेतो.

सध्या हे काम भिंतीवरचं कॅलेंडर करतं. जयंत साळगावकरांचं ‘कालनिर्णय’ १९७३ पासून घरोघरी लागलं, ते तिथी आणि सणांसाठी. पण चौकोनांच्या कोपऱ्यांत उतरलं ते दुधाचं मोजमाप, सिलिंडर लावल्याची तारीख, कामवाल्या बाईचा खाडा. कुठल्या चौकोनात काय लिहायचं, हे छापणाऱ्याने सांगितलं नव्हतं. वर्ष संपतं, नवं कॅलेंडर खिळ्यावर चढतं, आणि जुनं रद्दीत जायच्या आधी घरातलं कुणीतरी ते एकदा चाळून घेतं: मागचा सिलिंडर किती दिवस पुरला होता, ते बघायला.