निकालाला पाय कुणाचे?

नागसेनवनातल्या अभ्यासवर्गात एका पोरानं मला सरळ विचारलं, "सर, कायदा आपणच का पाळायचा? ते कुठं पाळतात?"

प्रश्न टाळ्या घेऊन सुटणारा नव्हता. मी त्याला आधी अमेरिकेतली गोष्ट सांगितली.

चेरोकी हे तिथले मूळ रहिवासी. त्यांनी १८२७ साली स्वतःची राज्यघटना केली, १८२८ साली स्वतःच्या लिपीत वर्तमानपत्र काढलं. गोऱ्यांचा डोळा त्यांच्या जमिनीवर. जॉर्जिया राज्य चेरोकींच्या मुलखात आपले कायदे लादू लागलं. १८३२ साली सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी निकाल दिला : जॉर्जियाचा कायदा तिथं चालणार नाही. पण राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी त्या निकालामागं सत्ता उभी केली नाही. १८३८ साली लष्कर आलं. माणसं घरांतून काढून पश्चिमेला हाकलली. हजारो मेली. निकाल कायद्याच्या पुस्तकात सुखरूप राहिला.

"मग कोर्ट कशाला?" पोरगं म्हणालं.

थांब. आता आपलं महाड बघ. सार्वजनिक पाणवठे खुले करायचा बोले ठराव १९२३ चा. महाड नगरपालिकेनं १९२४ साली तळं खुलं केलं, तेही कागदावर. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांसोबत माणसं चालत तळ्यावर गेली, तेव्हा कुठं त्या ठरावाला पाय फुटले. सवर्णांनी डोकी फोडली, तळं 'शुद्ध' केलं, वर कोर्टातून मनाई हुकूम आणला. डिसेंबरात हजारो माणसं पुन्हा जमली, तुरुंगात जायच्या तयारीनं. बाबासाहेबांनी त्यांना हुकूम मोडू दिला नाही. पण त्याच परिषदेत, २५ डिसेंबरला, मनुस्मृती जाळली.

मित्रांनो, माझ्या मते उत्तर इथंच आहे. एक कायदा पाळला, दुसरा जाळला. का? कोर्टाच्या हुकमाविरुद्ध उभं राहून बोलता येत होतं, पुरावा देता येत होता, तो बदलता येत होता. दहा वर्षं झगडून १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात बाबासाहेब जिंकलेच. मनूच्या कायद्यापुढं आपल्याला तोंडच नव्हतं. ज्याला जाब विचारता येतो तो कायदा पाळून लढायचा. ज्यानं जाब विचारणाऱ्याची जीभच छाटायची ठरवली, त्याला आग.

पण एवढ्यानं भागत नाही, हे या शहरानं शिकवलं. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत झाला. लगेच खेड्यापाड्यांत आपल्या वस्त्या पेटल्या. पोचीराम कांबळेंना मारलं. आणि शासनानं अंमलबजावणी थांबवली. म्हणजे विधिमंडळाचा ठराव रॉकेलच्या डब्यापुढं हरला. आग लावणाऱ्यांना 'लोकभावना' म्हटलं गेलं, आणि नाव मागणारे आपण मात्र शांतता बिघडवणारे. १९७९ चा लाँग मार्च, मोर्चे, तुरुंग, बलिदानं. एवढं सगळं झाल्यावर १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार. साडेपंधरा वर्षं!

तेव्हा त्या पोराला मी एवढंच म्हणालो : गड्या, आपण कायदा पाळतो तो भीतीनं नव्हे. तो आपण राज्याला दिलेला उधार आहे. आज आम्ही आमच्या विरुद्धचा हुकूम मानला, उद्या आमच्या बाजूचा तुला मानावाच लागेल. पण उधारी आपोआप वसूल होत नसते. दारात जाऊन उभं राहावं लागतं.

निकालाला स्वतःचे पाय नसतात. ते आपले असतात.