पुढे केलेला दंड

पोलादपूर तालुक्यातील उमरठ येथे नरवीर तानाजी मालुसरे यांची समाधी आहे. १६७० साली घरातील लग्नकार्य बाजूस सारून तानाजी कोंढाण्यावर गेले, असे परंपरा सांगते. त्या समाधीपुढे आपले मस्तक नमते ते केवळ मरणामुळे नव्हे. लढाईत मरणारे पुष्कळ असतात. संकट ओळखून ते स्वखुशीने पत्करले, यात त्या मरणाचे मोल आहे. हीच कसोटी आम्ही येथे रोगप्रतिबंधक लशींच्या निर्मितीला लावून पाहणार आहोत.

औषधाची परीक्षा बहुतांशी रोग्यावर होते आणि त्याला निदान बरे होण्याची आशा असते. लशीची परीक्षा मात्र धडधाकट माणसावरच करावी लागते. मग अनेकांच्या कल्याणासाठी एका निरोगी जीवाला धोक्यात घालण्याचा अधिकार कोणाचा?

१४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचण्यात आली. हिंदुस्थानात यशस्वी ठरलेली ही पहिली लस. त्या काळी लस फार दिवस टिकत नसे. म्हणून एकाच्या दंडावरील फोडातला द्रव दुसऱ्याच्या दंडात घालीत ती पुढे न्यावी लागे. बगदाद, बसरा असा प्रवास करून ती मुंबईस पोहोचली आणि ॲनाच्या दंडातून इतर मुलांकडे गेली. १९८० साली जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. त्या उपकाराच्या मुळाशी एक अजाण बालिका आहे. तिची संमती घेणे शक्यच नव्हते.

आज ही वाट पुष्कळ शिस्तीची झाली आहे. २०२० साली पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत करोनाचा विषाणू वेगळा काढण्यात आला. तो रसायनाने निष्प्राण करून हैदराबादच्या भारत बायोटेकने कोव्हॅक्सिन ही लस तयार केली. २० माकडांवर तिची परीक्षा झाली. त्या मुक्या जीवांनाही कोणी विचारले नव्हते, हे विसरू नये. मग पहिल्या टप्प्यात ३७५ माणसे पुढे आली आणि तिसऱ्या टप्प्यात सुमारे २५,८००. तिसऱ्या टप्प्यातील निम्म्यांना लस आणि निम्म्यांना लस नसलेली सुई देण्यात आली. कोणाला काय मिळाले हे टोचणाऱ्यालाही ठाऊक नव्हते.

तिसऱ्या टप्प्याचा निष्कर्ष हाती येण्यापूर्वीच, ३ जानेवारी २०२१ रोजी, या लशीच्या आपत्कालीन वापरास परवानगी मिळाली. आरंभी ती घेणाऱ्यांकडून संमतिपत्रावर सही घेतली जाई. पुढे लस ७७.८ टक्के प्रभावी असल्याचे प्रसिद्ध झाले. परंतु फळ गोड निघाले म्हणून आधीची घाई आपोआप न्याय्य ठरत नाही. साथीत त्वरा करावी लागते, हे आम्हाला मान्य आहे. मात्र जे अद्याप सिद्ध झालेले नाही ते सिद्ध झाले असे भासवून मिळवलेली संमती ही संमतीच नव्हे. त्वरेपायी सत्य लपवले, तर पुढे येणाऱ्याचा स्वार्थत्याग आपण चोरून घेतला असे होईल.

व्हॅटिकनने २१ डिसेंबर २०२० च्या टिपणात लस घेणे ऐच्छिक असावे असे म्हटले आणि त्याच वेळी सर्वांच्या हिताची जबाबदारीही दाखवून दिली. या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत. शेजाऱ्यावरील प्रेम सक्तीने उगवत नाही, आणि केवळ आपल्या हक्कापाशी थांबणारा माणूस शेजारी होत नाही.

संमतिपत्रावर अंगठा उमटला म्हणजे संमती मिळाली, असे मानणे सोपे आहे. मजुरी बुडाल्याच्या भरपाईकडे पाहून अंगठा देणाऱ्याला कागदातले काय समजले? आपल्या धर्मग्रामातील अशा एखाद्या माणसाजवळ बसून तो कागद त्याला सावकाश वाचून दाखवणे, आणि त्याने नको म्हटल्यास तेही मानणे, एवढे आपल्या हातात आहे.

चाचण्यांत दंड पुढे करणाऱ्या त्या हजारोंची नावे रुग्णालयांच्या नोंदवह्यांत मिटलेली आहेत. त्यांची समाधी कोठेही नाही. आपल्या लेकराला लस टोचून घरी आणताना त्यांचे स्मरण आपण करावे, असे आम्हाला वाटते.