फितूर कोणाला म्हणावे?

फितूर शोधायला निघालेल्या माणसाने आधी एका प्रश्नाचे उत्तर द्यायला हवे. इमान कोणाशी? राजाशी, राज्याशी, की रयतेशी? तिघे एकत्र नांदतात तोवर हा प्रश्न कुणाला सुचत नाही. हुकूमशाहीत त्यांची फारकत होते.

दिवाळीला विषय जरा कडू आहे खरा. पण ‘हंट’ हा २०२२ सालचा कोरियन चित्रपट पाहिल्यापासून तो डोक्यातून जात नाही. काळ १९८३ चा. दक्षिण कोरियाच्या गुप्तहेर खात्यात उत्तरेचा हस्तक शिरला आहे आणि खात्यातले दोन प्रमुख एकमेकांवरच संशय धरून त्याला हुडकत आहेत. संशयितांना कोंडायचे, बडवायचे आणि हवा तो जबाब काढायचा. (मारून काढलेल्या कबुलीत सत्य किती असते, हे छडी बाळगणाऱ्या कुठल्याही मास्तराला विचारावे.)

यामागचा इतिहास मात्र कल्पित नाही. १९७९ च्या ऑक्टोबरात अध्यक्ष पार्क चुंग-ही यांना गोळी घातली ती त्यांच्याच गुप्तहेर खात्याच्या प्रमुखाने, आणि तीही जेवणाच्या बैठकीत! मग सेनानी चुन दू-ह्वान यांनी सत्ता बळकावली. मे १९८० मध्ये ग्वांगजू शहरात लोकशाही मागणाऱ्या नागरिकांवर सैन्याने गोळ्या झाडल्या. ऑक्टोबर १९८३ मध्ये रंगूनला चुन यांच्यासाठी उत्तरेने पेरलेला बॉम्ब उडाला. एकवीस माणसे मेली. चुन यांना पोचायला उशीर झाला, म्हणून ते वाचले. चित्रपटाने असाच प्रसंग बँकॉकला नेला आहे.

तिथे खरा पेच पडतो. एका प्रमुखाने ग्वांगजू डोळ्यांनी पाहिले आहे. त्याला अध्यक्षाचा जीव घ्यायचा आहे. दुसरा खरोखरच फितूर निघतो. पण अध्यक्ष पडताच उत्तर चढाई करणार, हे कळल्यावर तोच अध्यक्षाला वाचवायला धावतो. राखणदार मारायला उठला आणि फितूर राखायला!

बिभीषणाला आपण धर्मात्मा म्हणतो आणि त्याच तोंडाने घरभेद्याही. मला ग्वांगजूचा साक्षीदार जवळचा वाटतो. मेलेल्यांचे ऋण त्याच्या माथ्यावर आहे. तरी मत द्यायचे तर मी फितुराला देईन. युद्धात जी माणसे मरायची, ती त्या क्षणी जिवंत आहेत, चुलीपाशी बसलेली आहेत.

या मताची किंमत काय, तेही सांगतो. चुन यांना १९९६ मध्ये न्यायालयाने फाशी सुनावली, ती पुढे जन्मठेपेवर आली, १९९७ मध्ये माफी मिळाली. २०२१ मध्ये, नव्वदाव्या वर्षी, ते आपल्या घरी वारले. ग्वांगजूबद्दल त्यांनी शेवटपर्यंत क्षमा मागितली नाही.