प्रतिलिपीचें मौन

एका लेखनपद्धतींतून दुसरींत मजकूर उतरवितांना कांहीं ना कांहीं गळतें, हें सर्वांस मान्य आहे. परंतु जें गळलें तें वाचकास कळविण्याची जबाबदारी कोणाची, याचा विचार क्वचितच होतो. मोडींत इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद बहुधा पाळीत नसत. त्यामुळें मोडी कागद बाळबोधींत उतरविणारास तेथें 'दिन' आहे कीं 'दीन', हें स्वतःच ठरवावें लागतें. आणि एकदां ठरविलें म्हणजे त्याचा तर्कच मूळ मजकूर म्हणून पुढें चालतो.

रसायनशास्त्रांत आज हाच प्रकार संगणकाच्या वेगानें घडत आहे. अमरावती-अकोल्याकडे सर्वांच्या परिचयाची सरकीच उदाहरणादाखल घेऊं. तिच्यांत गॉसिपॉल नांवाचें पिवळें द्रव्य असतें. रवंथ करणाऱ्या गुरांस सरकीची पेंड मानवते. कोंबड्यांस मात्र तींतलें गॉसिपॉल बाधतें. या रेणूचे दोन सारखे अर्धे एकाच बंधानें जोडलेले असून, शेजारीं अणुसमूहांची दाटी असल्यामुळें ते त्या बंधाभोंवतीं मोकळेपणें फिरूं शकत नाहींत. म्हणून डाव्या-उजव्या पंजांप्रमाणें त्याचीं दोन रूपें होतात. हा भेद केवळ कागदी नव्हे. चीनमध्यें १९७० नंतरच्या दशकांत पुरुषांच्या संततिनियमनासाठीं गॉसिपॉलचे प्रयोग झाले. तो गुण मुख्यतः त्यांतील एकाच रूपाचा आहे.

प्रत्येक अणूचें अवकाशांतील स्थान नोंदविणाऱ्या फाईलींत हा भेद सुरक्षित राहतो. पण डेव्हिड वाइनिंगर यांनीं १९८८ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'स्माइल्स' या एका ओळीच्या पद्धतींत ती फाईल उतरविली, कीं रूढ व्यवहारांत या जातीच्या भेदाला खूणच नसल्यामुळें दोन्हीं रूपांची ओळ अक्षरशः एक होते. उलट, हेंच गॉसिपॉल द्रावकाप्रमाणें एखाद्या हायड्रोजनची जागा बदलून तीन रूपें धारण करतें, आणि त्या तिहींच्या ओळी मात्र निरनिराळ्या! दोन वस्तु एक झाल्या, आणि एका वस्तूच्या तीन झाल्या.

कोणी म्हणेल, हा दोष पद्धतीचा, उतरविणाराचा नव्हे. हें अर्धेंच खरें आहे. कोणतीहि लिपि सर्व कांहीं सांगूं शकत नाहीं, आणि त्याबद्दल तिला दोष देणें व्यर्थ होय. पण जेथें खूण नाहीं तेथें अर्थ तीन संभवतात: भेद ठाऊक नाहीं, दोन्हीं रूपें मिसळलेलीं आहेत, अथवा तो लिहितां येत नाहीं. वाचक मात्र चौथाच अर्थ घेतो, कीं भेदच नाहीं. पुढें त्याच ओळीवरून पुनः त्रिमिति आकृति करावयाची झाली, म्हणजे यंत्र दोहोंपैकीं एक रूप निवडतें, आणि ती निवड पुराव्याच्या वेषांत वावरूं लागते. मौनाला अशा रीतीनें साक्ष बनविणें, हा आमच्या मतें असत्याचाच एक प्रकार होय. मग तें करणारा मनुष्य असो वा त्यानें नेमलेलें यंत्र असो.

म्हणून प्रतिलिपि करणाराचीं कर्तव्यें दोन. काय वगळलें तें समासांत स्पष्ट लिहावें, आणि नवी प्रत कितीहि सुबक असली तरी जुना कागद फेकूं नये. मृत्युपत्राची नक्कल करणारास आपण जी शिस्त लावितों, ती रेणूच्या नकलेस न लावण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं.