अडलेला शेजारी

शेजाऱ्याचे आपल्यावाचून अडावे, ह्यात माणसाला एक सूक्ष्म सुख वाटत असते. विरजण मागायला आलेल्या शेजारणीला आपण ते हसतमुखाने देतो. पण 'आपण आहोत म्हणून हिचे चालते' हा विचार मनाच्या कोपऱ्यात डोकावल्यावाचून राहत नाही. एखाद्या दिवशी खटका उडाला, की तोच विचार दारात येऊन उभा राहतो. माणसांचे जे, तेच देशांचे.

आपल्या नाशिककडच्या कांद्याचेच पाहा. लासलगावच्या बाजारात लिलाव झालेला कांदा चिखलोलीत आमच्या दाराशी येतो, तसाच सरहद्द ओलांडून बांगलादेशातही जातो. २०१९ साली लांबलेल्या पावसाने पिकाची नासाडी झाली, भाव कडाडले आणि २९ सप्टेंबरला आपल्या सरकारने निर्यात बंद केली. पुढच्याच आठवड्यात बांगलादेशाच्या त्या वेळच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. आपण स्वयंपाक्याला कांद्यावाचून स्वयंपाक करायला सांगितले आहे, असे त्या हसत हसत म्हणाल्या. पुढच्या वेळी आधी कळवलेत तर बरे होईल, अशी पुस्तीही त्यांनी जोडली. बोलणे थट्टेचे होते, मागणे थट्टेचे नव्हते. त्या नोव्हेंबरात त्यांच्या देशाला विमानाने कांदा आणावा लागला. १४ सप्टेंबर २०२० रोजी आपण पुन्हा एकाएकी दार लावले. कांद्याने भरलेल्या मालमोटारी सरहद्दीवर अडकून पडल्या. ८ डिसेंबर २०२३ रोजी तिसऱ्यांदा तेच झाले.

कोणी म्हणेल, आधी आपल्या घरची चूल, मग शेजाऱ्याची. खरे आहे. स्वतःच्या मुलांना उपाशी ठेवून शेजाऱ्याला वाढावे, असे कोणतेच शास्त्र सांगत नाही. पण कांदा पिकवणारा शेतकरी आपल्या घरातलाच ना? दार लावले की ढाक्यात भाव चढतो आणि लासलगावात कोसळतो. मग स्वस्ताई कोणाची झाली? तुमच्या-आमच्यासारख्या पगारदारांची. आपल्या पिशवीतल्या चार पैशांच्या बचतीत एका परक्या गृहिणीची ओढाताण असते आणि एका आपल्या माणसाचा घामही असतो. हे आपण सहसा मोजत नाही.

नाही म्हणण्याचा अधिकार प्रत्येक घराला आहे, तसा देशालाही आहे. परंतु जो आपल्या भरवशावर राहिला, त्याचाही एक हक्क निर्माण होतो. नेहमी द्यावेच असा तो हक्क नव्हे. देता येणार नसेल तर वेळेवर सांगावे, एवढाच तो आहे. तो मोडला की शेजारी दुसरे दुकान शोधतो. बांगलादेशाने तुर्कस्तान, इजिप्तकडून कांदा मागवला आणि स्वतःचे पीक वाढवण्याचाही ध्यास घेतला. मग ज्याच्या जोरावर आपण दार लावले, ते गिऱ्हाईक दाराशी यायचेच थांबले, तर वाट कोणी पाहायची? पुन्हा त्याच शेतकऱ्याने.

दिवाळीत शेजारी गेलेले फराळाचे ताट रिकामे परत येत नाही. तिकडची दोन अनारशांची भर घालूनच ते येते. देणारा मोठा आणि घेणारा लहान ठरू नये, ही शहाणीव आपल्या आजीपणजींना होती. पुढे कधी कांदा महागेल आणि आपणच 'निर्यात बंद करा' म्हणू लागू, तेव्हा ढाक्याच्या शेजाऱ्याला आणि लासलगावच्या भावाला आधी कळवले का, एवढे तरी विचारू या.